विमल, ती ब्राह्मी कुठली होती?

विमल,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वरळीचा तो हॉल गच्च भरला होता. तुझ्या जुन्या सिस्टर्स पांढऱ्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना पाहून मला वाटलं, आता कुणीतरी येऊन राउंड सुरू झाल्याचं सांगेल. तुझा मिलिंद माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "शैलामावशी, तुम्ही दोन शब्द बोला." मी उभी राहिले. म्हटलं, "विमल माझी अडतीस वर्षांची मैत्रीण. ती कुणाला खोटं बोलू द्यायची नाही." आणि बसले. लोकांना वाटलं, बाईंना दाटून आलं. तसं नव्हतं. दुसरं वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझंच खोटं आठवलं. ते तुला सांगायचं राहिलंय. आता इथे सांगते.

आपली ओळख भांडणातूनच झाली. बाबांना साखरेमुळे पायाला जखम झाली होती आणि ते परळला तुमच्या वॉर्डात पडून होते. माझे बाबा म्हणजे फणसवाडीच्या तोंडाशी काष्ठौषधींचं दुकान चालवणारा माणूस. ते दवाखान्यातसुद्धा आपलं चूर्ण सोडणार नव्हते. मी रोज डब्यातून पुडी न्यायचे आणि ते उशीखाली ठेवायचे. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना तुला ती सापडली.

"हे काय?"

"घरचं औषध आहे."

"मग घरी घ्या. इथे मी दिवसातून चारदा यांची साखर बघते. हे पोटात गेल्यावर साखर उतरली, तर ती कशानं उतरली हे मला कोण सांगणार? तुमची पुडी?"

मला फार राग आला, कारण तुझं बरोबर होतं. पुडी परत आणली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण जखम भरली आणि पाय वाचला. महिनाभराने तूच दुकानात उभी. आईच्या खोकल्याला ज्येष्ठमध हवं होतं. मी मुद्दाम विचारलं, "आमचं चालतं का तुम्हाला?" तू म्हणालीस, "खोकल्याला चालतं. साखरेला पुरावा दाखवा." त्या दिवसापासून तू पुरावा मागत राहिलीस आणि मी देत राहिले, तुला न पटणारा.

त्याच वर्षी तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस. आईने तुला चहा दिला तो वेगळ्या कपातून. कान तुटलेला तो कप खिडकीत ठेवलेला असायचा. कशासाठी ते तुला कळलं आणि मलाही. तू चहा पूर्ण प्यायलीस, उठून मोरीत कप स्वच्छ विसळलास आणि आमच्या कपांच्या रांगेत मधोमध नेऊन ठेवलास. आई बघत राहिली. मी पाहिलं आणि गप्प बसले. पुढच्या वेळी आईने तुला आमच्यातलाच कप दिला, पण ते तुझ्यामुळे झालं, माझ्यामुळे नाही. यावर आपण कधीच बोललो नाही. अडतीस वर्षांत जगातल्या प्रत्येक विषयावर तोंड वाजवणाऱ्या आपण दोघी, आणि त्या कपाचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटायचं, तू विसरलीस. तेव्हा तू काहीच विसरत नव्हतीस, विमल. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी लग्न केलं नाही, दुकान केलं. तुझा नवरा लवकर गेला आणि तू ड्युट्या सांभाळून मिलिंदला वाढवलंस. बाबा गेल्यावर गल्ल्यामागे मी एकटी बसायला लागले, तशी तू दर गुरुवारी यायला लागलीस. रिटायर झाल्यावर तर दुपारची संध्याकाळ व्हायची. गिऱ्हाईक मागायचं अश्वगंधा आणि तू स्टुलावरून विचारायचीस, "थायरॉइडची गोळी चालू आहे का?" मी चिडायचे. शेवटी तू एका पुठ्ठ्यावर वॉर्डातल्या त्या सरळ, टोकदार अक्षरात यादी लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलीस: रक्त पातळ करण्याची गोळी, फिटची गोळी, थायरॉइडची गोळी. यांतलं काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. खाली औषधांची नावं होती. त्यांत लसणाच्या गोळ्या होत्या आणि तेव्हा मी ऐकलंही नव्हतं असं कुठल्याशा परदेशी झाडाचं नाव होतं, गिंको. मी म्हटलं, हे आपल्याकडचं नाही. तू म्हणालीस, "येईल. आजकाल सगळं येतं."

तीन वर्षांपूर्वी तुमची चाळ पाडायला घेतली आणि तुम्हाला तात्पुरतं ट्रान्झिटच्या इमारतीत नेलं. तुमचा नववा मजला. तिथे गेल्यावर महिन्याभरात तू आठव्या मजल्यावर उतरलीस आणि कुणाच्या तरी दाराला दहा मिनिटं किल्ली लावत राहिलीस. आतली बाई घाबरून बाहेर आली. तू मला हे हसत सांगितलंस. "सगळी दारं सारखी, शैले. चाळीत डोळे मिटून गेले असते. कदमांच्या दारात बोंबलाचा वास आला की पुढचं दार माझं." मीही हसले. दोघींनी मिळून सगळा दोष इमारतीवर टाकला. मग तू पेन्शनच्या कागदावर दोनदा सही केलीस, डाळ लावून विसरलीस, माझ्या भाचीचं लग्न झालंय हे विसरून तिच्यासाठी स्थळ आणलंस. दर वेळी आपण काहीतरी कारण शोधलं. कारणं शोधण्यात तू आणि मी सारख्याच हुशार.

तो गुरुवार मला लख्ख आठवतो. तू स्टुलावर बसली नाहीस. काउंटरला टेकून उभी राहिलीस, एखादं गिऱ्हाईक राहतं तशी.

"काल विहारात वंदना म्हणत होते," तू म्हणालीस. "बुद्धं सरणं गच्छामि झालं. मग दुतियम्पि म्हटलं. आणि पुढे दुतियम्पि झालंय की ततियम्पि, दुसरी वेळ की तिसरी, तेच कळेना. लहानपणापासून म्हणतेय, शैले. ओठ हलवत उभी राहिले. शेजारची बाई म्हणत होती, तिच्या मागून मागून गेले."

तू इकडेतिकडे पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "ब्राह्मी दे."

मी तुझ्याकडे बघतच राहिले. "पुरावा?" मी विचारलं. थट्टा करायची होती, पण शब्द चुकीचा पडला. तुझे डोळे भरले. मी तुला तसं आधी फक्त एकदा पाहिलं होतं, तुझा नवरा गेला तेव्हा.

"वाचलंय थोडं," तू म्हणालीस. "काही लोकांना थोडा फायदा झाला असं लिहितात, काही ठिकाणी काहीच नाही. नक्की कुणालाच माहीत नाही. पण बसून राहण्यापेक्षा बरं. फक्त एक सांग, ब्राह्मी म्हणून दोन वनस्पती विकतात म्हणे. एक बारीक जाडसर पानांची आणि एक गोल पानांची, मंडूकपर्णी. तपासलंय ते त्या बारीक पानांच्या ब्राह्मीवर. तुझी कुठली?"

"आमची अस्सल," मी म्हटलं.

ते हे खोटं, विमल. मला माहीत नव्हतं. बाबा होते तेव्हा पानं यायची, ते हातात चुरून वास घेऊन सांगायचे. मी तयार पावडर घेत होते, कारण दळायला माणूस नव्हता. डबीवर ब्राह्मी लिहिलं होतं, मी ब्राह्मी म्हणून विकत होते. तुला "माहीत नाही" म्हणाले असते, तर तू मला त्यासाठी मान दिला असतास. पण तू पहिल्यांदाच माझ्याकडे मागायला आली होतीस. इतकी वर्षं तू शहाणी होतीस आणि मी दुकानदार. त्या एका क्षणी मला तुझ्यापुढे जाणकार व्हायचं होतं.

मी पुडी बांधली. तू म्हणालीस, "मिलिंदला सांगायचं नाही. तो लगेच डॉक्टरकडे नेईल आणि डॉक्टर नाव देतील. मला ते नाव नको आहे." मी हो म्हणाले.

पाच-सहा महिने तू ब्राह्मी घेतलीस, सकाळी दुधातून. फरक पडला का, विचारलं की तू वही काढायचीस. त्यात रोज दहा शब्द लिहून संध्याकाळी आठवायचीस आणि पुढे बरोबर-चूक करायचीस. शेवटी सिस्टरच तू. वहीत काहीच सरळ दिसत नव्हतं. एक दिवस आठ, एक दिवस चार. चार आले की तू त्या आठवड्याचा गुरुवार चुकवायचीस.

मग एका गुरुवारी तुझ्या हातावर जांभळे डाग दिसले, कोपरापासून मनगटापर्यंत. नाकात कापूस होता.

"धडपडलीस का?"

"उष्णता," तू म्हणालीस. सिस्टर विमल, उष्णता म्हणालीस. मी तुझी पिशवी ओढली आणि तूही अडवलं नाहीस. आत मोठी हिरवी बाटली होती, फोनवरून मागवलेली, वर चमकत्या मेंदूचं चित्र. मी चष्मा लावून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं. पहिलं नाव अश्वगंधा, दुसरं ब्राह्मी, तिसरं गिंको. काउंटरच्या आतला पुठ्ठा माझ्या गुडघ्यासमोर होता. तुझ्या हृदयाची लय बिघडली होती, त्यासाठी तू तीन वर्षं रक्त पातळ करण्याची गोळी घेत होतीस.

"विमल, हे तूच मला लिहून दिलंयस."

"माहीत आहे."

"मग?"

तू रस्त्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "पेशंटला सांगायला सोपं असतं गं. भीती वाटायला लागली की माणूस वाचलेलं बाजूला ठेवतो. मला रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मिलिंदचं नाव आठवून बघायला लागतं. येतं. पण बघायला लागतं." बाटली पिशवीत टाकून तू उठलीस. "बंद करते. तू बोलायचं नाही. शब्द दिलायस."

दोन दिवस मी तो शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी तू फोनवर म्हणालीस की पोट दुखतंय आणि शौचाला काळं होतंय. तसं होणं म्हणजे काय, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. फोन ठेवला आणि मी मिलिंदला लावला. बाटलीचं, पुडीचं, किल्लीचं, वंदनेचं, सगळं सांगून टाकलं.

पोटात रक्तस्राव होत होता. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. तिसऱ्या दिवशी मी भेटायला आले. तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. मी खुर्ची ओढली, तेव्हा न वळता म्हणालीस, "मी तुझ्याकडे पेशंट म्हणून आले नव्हते, शैला." शैले नाही, शैला. मी थोडा वेळ बसले आणि घरी आले.

पुढचं मला मिलिंदकडून कळत गेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या. तू काय काय पोटात घालतेस, ते त्यांनी एकेक करून विचारलं. ओरडल्या नाहीत. त्यांतून निघालं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. झोप यावी म्हणून तू कित्येक वर्षं रोज सर्दी-खाजेची एक साधी गोळी घेत होतीस. ड्युटीच्या काळातली सवय. ही गोळी म्हातारपणी डोक्यावर धुकं आणते, असं त्यांनी सांगितलं. शिवाय रक्तात बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलेलं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, ती नाकारता येणार नाही, पण सगळं विसरणं त्याचं नाही, असं त्या म्हणाल्या. गोळी बंद झाली, इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू तू पुष्कळ मोकळी झालीस.

म्हणजे बघ, आपल्या भांडणाचं काय झालं ते. माझ्या पुडीने बहुधा काही केलं नाही. तुझ्या बाटलीने जीव घ्यायचा बाकी ठेवला. आणि तुला जी बाधत होती ती ना माझ्या दुकानातली होती ना जाहिरातीतली, ती तुझ्याच कपाटातली विश्वासाची गोळी. मिलिंदने सांगितलं तेव्हा मला वाटलं, धावत जाऊन तुला म्हणावं, घे, दोघी हरलो. पण तू चार महिने माझा फोन उचलला नाहीस.

त्या चार महिन्यांत मी एकदा मशीद बंदरला ठोक व्यापाऱ्याकडे गेले. विचारलं, ही पावडर कुठल्या ब्राह्मीची? तो हसला. "ताई, पावडर झाली की दोन्ही हिरवीच." तेव्हापासून मी दुकानात ब्राह्मीची पावडर ठेवत नाही. सुकी पानं ठेवते, मला ओळखता येतात तेवढीच. गिऱ्हाईकं नाक मुरडतात.

एका गुरुवारी दुपारी तू आलीस. बारीक झाली होतीस, साडी नेहमीसारखी कडक. स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, "पंखा वाढव, शैले. आणि चहा सांग, साखर कमी." जणू मागचा गुरुवार मागच्याच आठवड्यात होता.

मी चहा सांगितला. माझ्या मनात एकच होतं: तू मला माफ केलंस, की विसरलीस? माफ केलं असेल, तर बोलायची गरज नव्हती. विसरली असशील, तर माफी मागायला आधी तुला सांगावं लागलं असतं की तू विसरलीस. ते मला करवलं नाही. असं करत दीड वर्ष गेलं. मिलिंदला विचारलं, तर तो कदाचित सांगू शकेल. मी विचारणार नाही.

पण ते दीड वर्ष चांगलं गेलं, विमल. कदाचित सगळ्यांत चांगलं. तू माझं गिऱ्हाईक पळवायचीस. परीक्षेच्या दिवसांत आया मुलांसाठी शंखपुष्पी मागायच्या, तू म्हणायचीस, "आधी झोपू द्या त्याला." एखादे आजोबा स्मरणशक्तीचं काही आहे का विचारायचे. तू त्यांना तुझ्या शेजारी बसवायचीस आणि सांगायचीस, "मलाही होतं. घाबरू नका, पण लपवू नका. आधी रक्त तपासा, सगळ्या गोळ्या डॉक्टरला दाखवा, मग या आमच्याकडे." आमच्याकडे म्हणायचीस. दर वेळी ते ऐकून मला फार बरं वाटायचं. मधूनच तू शब्द विसरायचीस. वाटीला म्हणायचीस, "ते हे, खोलगट." मी सांगायचे नाही, थांबायचे. तू शोधून काढायचीस आणि माझ्याकडे अशी बघायचीस, जशी टाके काढल्यावर जखम नीट भरलेली बघावी.

त्या दिवसांत ब्राह्मीचं सांगणं किती सोपं होतं. तू ती सोडून दिली होतीस, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. आणि दुसरंही एक राहिलं. तू जायच्या महिनाभर आधी मी एका बाईला सुंठीऐवजी वेखंडाची पूड बांधून दिली. डब्यावर नाव होतं, मी ते वाचलंही होतं, तरी हात दुसऱ्या डब्यात गेला. वासावरून तिच्या लक्षात आलं आणि ती परत आली, म्हणून निभावलं. मग गल्ल्याची किल्ली दोनदा सापडली नाही. भाचीला फोन लावला आणि कशासाठी लावला ते आठवेना. मी ठरवलं, गुरुवारी विमलला सांगायचं. पहिल्यांदा तुलाच सांगायचं होतं, कारण तू कारणं शोधली नसतीस.

मंगळवारी सकाळी मी शटर उचलत होते, तेव्हा मिलिंदचा फोन आला. तू चहा पिऊन खुर्चीत बसलीस, पेपर उघडलास आणि तशीच राहिलीस. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. तुझ्यासमोर कुणी असं म्हणालं असतं, तर तू विचारलं असतंस, कशावरून.

काल मी दुकान बंद ठेवलं आणि परळला तुझ्या दवाखान्यात गेले. एकटीच. ओपीडीत गर्दी होती. एक तरुण सिस्टर नाव, वय, तक्रार लिहून घेत होती. मी तक्रार सांगितली, सरळ शब्दांत. मग तिने विचारलं, काय काय औषधं चालू आहेत. मी रक्तदाबाची गोळी सांगितली, गुडघ्याची सांगितली, आणि मग त्रिफळा, शतावरी, रोज सकाळची ब्राह्मीची पानं. हो, तू गेल्यापासून नाही, त्याच्या आधीपासून घेतेय. तेही तुला सांगितलं नव्हतं.

ती लिहिता लिहिता थांबली. "झाडपाल्याचं लोक सांगतच नाहीत, आजी. विचारलं तरी लपवतात. तुम्हाला कुणी सांगितलं सगळं सांगायला?"

"विमल सिस्टरने," मी म्हटलं. "इथल्याच."

"हो? कुठल्या वॉर्डला असतात त्या?"

माझ्या मागे बरीच मोठी रांग होती. मी तुझा वॉर्ड सांगितला, मजलाही सांगितला. तिने मान हलवली, माझा कागद पुढे सरकवला आणि पुढचं नाव पुकारलं.